घाट, पाऊस आणि मागचा हब : रोड सायकलची चाके बांधून घेतानाचे एक प्रकरण

पुण्यातील एका सायकलस्वाराने आपल्या रोड सायकलसाठी नवी चाके बांधून घ्यायचे ठरवले, तेव्हा रिम कोणती, स्पोक किती जाडीचे आणि टायर किती रुंदीचा याची त्यांची यादी तयार होती. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागी आसाभोवती फिरणाऱ्या भागाच्या, रकान्यात मात्र तीन-चार नावे लिहून खोडलेली होती. चाक बांधायला घेणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. रिम-ब्रेकच्या सायकलची रिम झिजते, स्पोक कधीतरी तुटतात, टायर तर हंगामापुरतेच असतात. पण नीट निवडलेला हब दोन-तीन रिमा सहज पाहतो. म्हणून या चाकांच्या बाबतीत सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक वेळ हबवर घालवावा, असे मी त्यांना सुचवले. पुढील नोंद त्या निवडीची आहे.

सायकल, स्वार आणि रस्ते

सायकल पोलादी चौकटीची, रिम-ब्रेकची, मागच्या काट्यातील अंतर १३० मि.मी. आणि पुढच्या काट्यातील १०० मि.मी., दोन्हीकडे क्विक रिलीज. स्वाराचे वजन ८६ किलो आणि लांबच्या फेरीत पिशव्यांचे आणखी पाच-सहा किलो. गियर शिमानोचे, मागे ११ चकत्यांची ११-३४ कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) आणि पुढे ५०-३४; हे आकडे दात्यांचे. वापर मुख्यतः ब्रेव्हेचा, म्हणजे २०० ते ६०० किलोमीटरच्या, वेळेची मर्यादा असलेल्या पण शर्यत नसलेल्या फेऱ्यांचा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला ४० तास मिळतात, त्यामुळे चाक हलके असल्याने वाचणाऱ्या मिनिटापेक्षा चाक बिघडल्याने जाणारे तीन तास अधिक महागात पडतात. त्यांच्या मनात २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा विचारही होता, म्हणजे १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त ९० तास.

रस्त्यांचा विचार केल्याशिवाय हबचा विचार पुरा होत नाही. कात्रज, खंबाटकी आणि वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट हे त्यांचे नेहमीचे मार्ग. पावसाळ्यात ताम्हिणी ओलांडून कोकणात उतरणे हा त्यांचा आवडता कार्यक्रम. ताम्हिणीतला पाऊस हबसाठी एक वेगळीच परीक्षा असते: तासन्‌तास चाकावर पाणी उडत राहते, त्या पाण्यात बारीक खडीचा भुगा असतो आणि उतारावर ब्रेक दाबला की तोच भुगा रिम खरवडतो. त्याहून वाईट गोष्ट घरी आल्यावर घडते. चिखलाने भरलेली सायकल मोटारसायकलच्या सर्व्हिसिंग सेंटरवर नेऊन प्रेशर पंपाने धुण्याची सवय अनेकांना आहे. बेअरिंगचे रबरी सील उडणारे पाणी थोपवण्यासाठी असतात, जवळून मारलेल्या दाबाच्या फवाऱ्यासाठी नव्हे. या स्वारालाही ती सवय होती आणि त्यांच्या जुन्या मागच्या हबची घरघर बहुधा तिथूनच सुरू झाली असावी.

यादी कशी लहान झाली

बाजारातील हबांची संख्या पाहून माणूस गोंधळतो, पण बहुतेक नावे निवडीपूर्वीच गळून पडतात. चौकट रिम-ब्रेकची आणि १३० मि.मी.ची असल्याने १२ मि.मी. थ्रू-अ‍ॅक्सल आणि १४२ मि.मी. रुंदीचे सगळे डिस्कचे हब बाद. कॅसेट शिमानोच्या रचनेची असल्याने स्रॅमची एक्सडीआर आणि कॅम्पाग्नोलोची स्वतःची रचना असलेले फ्रीहब (हबचा कॅसेट बसणारा, पायडल थांबले की मोकळा राहणारा भाग) बाद. भोकांची संख्याही वजनाने आणि वापराने ठरली. ८६ किलोचा स्वार आणि रात्री घाटात स्पोक तुटण्याची शक्यता लक्षात घेतली, तर मागे ३२ पेक्षा कमी स्पोक लावण्यात मला अर्थ दिसत नव्हता. ३२ पैकी एक स्पोक तुटला तर शेजारचे स्पोक थोडे सैल-घट्ट करून, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून, घरापर्यंत येता येते. २० किंवा २४ स्पोकांच्या चाकात एकच स्पोक गेला तरी रिम ब्रेकच्या रबराला घासू लागते आणि फेरी तिथेच संपते.

उरले ते मागच्या हबचे चार पर्याय. पहिला, शिमानोच्या १०५ श्रेणीतील ११ गियरचा, वाटी-कोन आणि सुट्या छर्ऱ्यांचा हब, ज्यात कवचातली वाटी आणि आसावरचा कोन यांच्यामध्ये छर्रे फिरतात. दुसरा, डीटी स्विसचा ३५० हा कार्ट्रिज (अख्खे बदलायच्या) बेअरिंगचा आणि रॅचेटचा, म्हणजे दातेरी चकत्यांच्या पकडीचा, हब. तिसरा, तैवानी बनावटीचा एक अतिशय हलका हब, सहा पॉलचा (पॉल म्हणजे फ्रीहबमधले स्प्रिंगवरचे खटके), अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबचा. चौथा पर्याय त्यांनीच शोधून आणला होता आणि तो मला सर्वांत रंजक वाटला: एका दुकानात पडून असलेला, न वापरलेला, १० गियरच्या काळातला शिमानोचा जुना हब.

उजव्या फ्लँजचे गणित

मागच्या चाकाची सारी अडचण कॅसेटमुळे निर्माण होते. कॅसेटला जागा देण्यासाठी उजवा फ्लँज (हबची स्पोक अडकवायची चकतीसारखी कड) चाकाच्या मध्यरेषेकडे सरकवावा लागतो आणि डावा बाहेरच राहतो. रिम मात्र दोन काट्यांच्या बरोबर मध्यभागी यायला हवी. त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे आणि खूप ताणलेले, तर डावे तिरपे आणि सैलसर, अशी स्थिती येते. दोन्ही बाजूंना स्पोकांची संख्या सारखी असेल, तर डाव्या ताणाचे उजव्या ताणाशी असलेले प्रमाण हे ढोबळमानाने उजव्या फ्लँजच्या मध्यरेषेपासूनच्या अंतराला डाव्या फ्लँजच्या अंतराने भागल्यावर मिळते.

हे अंतर व्हर्निअर कॅलिपरने स्वतः मोजावे. कंपन्यांच्या तक्त्यांत कधी फ्लँजच्या मध्यापर्यंत, तर कधी बाहेरच्या कडेपर्यंत माप दिलेले असते आणि दीड-दोन मि.मी.चा फरक इथे क्षुल्लक नसतो. पद्धत सोपी आहे. लॉकनटाच्या (आसावरच्या, काट्याला टेकणाऱ्या नटाच्या) बाहेरच्या पृष्ठापासून फ्लँजच्या जाडीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि ते एकूण रुंदीच्या निम्म्यातून, म्हणजे ६५ मि.मी.तून वजा करायचे. उजवीकडे ४८ मि.मी. भरले तर उरतात १७. डावीकडे २९ भरले तर उरतात ३६. ११ गियरच्या १३० मि.मी. हबांमध्ये उजवीकडचे माप साधारण १६ ते १८ मि.मी. असते, म्हणून हिशेबासाठी १७ आणि ३६ हीच मापे धरली. प्रमाण येते ४७ टक्के. उजव्या स्पोकांवर १२० किलो ताण दिला तर डाव्यांवर जेमतेम ५६ किलो.

डावीकडच्या या सैलपणाचा खरा धोका काय, हे अनेकदा नीट सांगितले जात नाही. चाक फिरताना जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण दर फेरीत कमी होतो. मुळातच ताण कमी असेल तर खड्ड्यात तो शून्यापर्यंत उतरतो, निपल (स्पोकाच्या टोकाचे, रिमेत बसणारे नट) मोकळा होऊन हळूहळू फिरू लागतो आणि चाक पुन्हा पुन्हा आऊट होते. शिवाय स्पोक सतत सैल-घट्ट होत राहिला की त्याच्या वाकवलेल्या टोकाशी धातू थकतो. त्यामुळे मागच्या चाकात डावीकडचा स्पोक तुटलेला दिसला, तर आधी ताणाकडे पाहावे.

आता चौथ्या पर्यायाकडे येऊ. २०१२ साली ड्युरा-एस ९००० बरोबर शिमानोने रोडसाठी ११ गियर आणले, तेव्हा फ्रीहब १.८ मि.मी.ने लांब झाला आणि तेवढी जागा उजव्या फ्लँजच्या वाट्यातून गेली. म्हणजे १० गियरच्या हबवर उजवा फ्लँज तेवढाच बाहेर असू शकतो. ११ गियरची कॅसेट जुन्या हबवर बसत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ११-३४ हा अपवाद आहे. शिमानोची एचजी७०० आणि एचजी८०० या ११ चकत्यांच्या ११-३४ कॅसेट अशा रचल्या आहेत की त्या १० गियरच्या फ्रीहबवर थेट बसतात आणि ११ गियरच्या रोड फ्रीहबवर बसवताना उलट मागे १.८५ मि.मी.ची चकती घालावी लागते. सर्वांत मोठी चकती स्पोकांच्या बाजूला झुकलेली असल्याने हे जमते. हा स्वार घाटांमुळे ११-३४ सोडणारच नव्हता. मग ११ गियरचा हब घेऊन, फ्लँज आत सरकवून घेऊन, वर रिकाम्या जागेत चकती भरायची कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता आणि दुकानदारांपैकी कोणी त्यांना याचे उत्तर दिले नव्हते.

आकडे असे: उजवीकडे १८.८ आणि डावीकडे ३६ धरले तर प्रमाण ५२ टक्के, म्हणजे डावीकडे ६३ किलो. सात किलोंचा हा फायदा खरा आहे. पण तोच फायदा, किंबहुना अधिक, रिमकडून मिळवता येतो. स्पोकांची भोके मध्यरेषेपासून एका बाजूला सरकवलेली असममित रिम घेतली आणि सरकवलेली बाजू डावीकडे ठेवली, तर ३ मि.मी.च्या सरकीने हिशेब २० आणि ३३ असा होतो. प्रमाण ६१ टक्के, डावीकडचा ताण ७३ किलो. दोन्ही एकत्र केले तर ६६ टक्क्यांपर्यंतही पोचता आले असते आणि केवळ चाकाच्या बळकटीवर निर्णय घ्यायचा असता तर मी तेच सुचवले असते.

जुना हब आम्ही वेगळ्या कारणाने सोडला. त्यावर ११-३४ वगळता ११ गियरची नेहमीची रोड कॅसेट बसली नसती आणि पुढे गियर बदलायचे झाले तर दार बंद झाले असते; ११ गियरच्या फ्रीहबवर मात्र शिमानोची १२ गियरची रोड कॅसेटही बसते. त्याहून मोठा मुद्दा सुट्या भागांचा होता. वाटी-कोन हबमध्ये झिजणारा भाग म्हणजे कोन, आणि कोनाचे आकार मॉडेलागणिक बदलतात. बंद झालेल्या मॉडेलचे कोन आज कुठेतरी मिळतील, पण चाक ज्या वर्षांसाठी बांधायचे त्या वर्षांत ते मिळतीलच असे कोणी सांगू शकत नाही.

बेअरिंगचा नंबर

वाटी-कोनाच्या हबविषयी माझे मत चांगले आहे. छर्रे तिरप्या पृष्ठांवर टेकत असल्याने वळणावर येणारा आडवा भार ही रचना उत्तम पेलते. शिमानोच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाशी असतात, म्हणून आस दोन्ही टोकांना काट्याच्या जवळ आधार घेतो. पूर्वीच्या फ्रीव्हील लावायच्या हबांमध्ये उजवे छर्रे खूप आत राहत आणि त्यामुळे आस वाकत वा तुटत असत. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना या बदलाचे मोल कळेल. दुरुस्तीलाही हा हब सोपा आहे. दोन कोन पाने, ग्रीस, मागे दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे, आणि अर्ध्या तासात काम होते. जुळवणीची एक मेख तेवढी लक्षात ठेवावी लागते: क्विक रिलीज आवळल्यावर आस किंचित दाबला जातो, म्हणून चाक हातात असताना अगदी थोडा प्ले (ढिलेपणा) ठेवायचा, जो चाक सायकलीत बसवून आवळल्यावर नाहीसा होतो. हातातच प्ले शून्य केला तर सायकलीत छर्रे चिरडले जातात.

अडचण एवढीच की ग्रीस वेळेवर बदलले नाही आणि पाणी आत राहिले, तर कोनाबरोबर वाटीलाही खड्डे पडतात. कोन बदलता येतो, वाटी हबच्या कवचात दाबून बसवलेली असते. तिला खड्डे पडले की हब संपला आणि त्याबरोबर बांधलेले चाक उकलणे आले. दर पावसाळ्यात दोनदा हब उघडण्याची शिस्त असलेल्या माणसाला मी हा हब डोळे मिटून सुचवेन. या स्वाराने आपण तसे नाही हे आधीच मोकळेपणाने सांगितले होते.

कार्ट्रिज बेअरिंगच्या हबमध्ये झिजणारा प्रत्येक पृष्ठभाग बेअरिंगच्या आतच असतो. ते ठोकून काढायचे आणि नवे दाबून बसवायचे. कवच शाबूत राहते. मात्र कार्ट्रिज म्हटले की सगळे सारखे असे नव्हे. निवड करताना हबची माहितीपत्रिका बाजूला ठेवून मी बेअरिंगचे नंबर विचारतो. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि जाडीला ७ मि.मी.; ६८०२ म्हणजे आतून तेच १५, पण बाहेरून २४ आणि जाडी केवळ ५. दुसऱ्यातले छर्रे बारीक असतात आणि त्याची भार पेलण्याची क्षमता पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. हब हलका करण्याचा सोपा मार्ग म्हणजे असे पातळ बेअरिंग वापरणे, आणि तिसऱ्या पर्यायात नेमके तेच केलेले होते. ८६ किलोच्या स्वाराखाली, भुगा मिसळलेल्या पाण्यात, पातळ बेअरिंग किती टिकेल याचा अंदाज बांधायला फार अनुभव लागत नाही.

दुसरी गोष्ट मिळण्याची. ६९०२ हा उद्योगात सर्रास वापरला जाणारा आकार आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही मोठ्या गावाच्या बेअरिंगच्या दुकानात तो मागता येतो. एसकेएफचा कारखाना चिंचवडलाच आहे, पण त्यांच्या क्रमांकपद्धतीत हाच आकार ६१९०२ असा लिहिला जातो, म्हणून काउंटरवर ‘६९०२ नाही’ असे उत्तर आले तर दुसरा नंबर सांगून पाहावा. १५२६७ सारखे आकार, म्हणजे १५×२६×७ मि.मी., सायकलबाहेर फारसे वापरात नसतात आणि ते आधीच मागवून घरी ठेवलेले बरे. सीलही सांगून घ्यावे. धातूच्या झाकणाचे झेडझेड पावसात निरुपयोगी आहे. दोन्ही बाजूंना घासून बसणारे रबरी सील असलेले २आरएसच हवे. त्याने चाक हातात फिरवून पाहताना थोडे लवकर थांबते आणि दुकानात ते पाहणाऱ्याला वाईट वाटते, पण रस्त्यावर तो फरक जाणवण्याइतका नसतो. सिरॅमिक बेअरिंगचा विषयही निघाला होता. गंजलेली वाटी सिरॅमिक छर्ऱ्यानेही गुळगुळीत होत नाही, एवढ्यावर तो संपला.

फ्रीहब : दाते, आवाज आणि खाचा

तिसऱ्या हबचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे त्याचे झटपट पकडणे. पायडल मारल्यावर फ्रीहब पकडेपर्यंत पाय किती अंश मोकळा फिरतो, यावर विक्रेते फार भर देतात. डीटी स्विसची रॅचेटची रचना ह्युगी या स्विस हबमधून आलेली आहे. त्यात समोरासमोर बसणाऱ्या दोन दातेरी चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि सगळे दाते एकाच वेळी पकडतात. १८ दात्यांच्या चकत्यांत मोकळी चाल जास्तीत जास्त २० अंश, ३६ दात्यांत १०. पण हे अंश चाकाचे असतात, पायडलचे नव्हेत. पुढे ५० आणि मागे १७ असताना चाकाचे २० अंश म्हणजे पायडलचे ७ अंशांहूनही कमी. ३४-३४ वर, घाटात, ते पूर्ण २० होतात. पण घाटात माणूस पायडल मारणे थांबवत नाही. डोंगरी सायकलला दगडांतून वाट काढताना जे महत्त्वाचे ठरते, ते रोडवर बहुधा मिरवण्याचे असते.

पॉलच्या हबांना, ज्यांतल्या पॉलला जुने मेकॅनिक कुत्रे म्हणतात, आमचा सरसकट विरोध नव्हता. चांगल्या पोलादाचे, मोजके, जाड पॉल वर्षानुवर्षे चालतात. सहा नाजूक पॉल आणि त्यांच्याखालच्या केसासारख्या स्प्रिंगा चिखलात एकेक करून चिकटू लागल्या की उरलेल्यांवर भार येतो आणि एक दिवस चढावर पाय मोकळा सुटतो. रॅचेटमध्ये भाग कमी आहेत आणि ३५० हबचे टोक हाताने खेचून काढता येते. फ्रीहब बाहेर येतो, चकत्या पुसायच्या, नेमून दिलेले ग्रीस पातळ लावायचे आणि परत दाबून बसवायचे. रस्त्याच्या कडेला, रात्री, पान्याविना हे करता येणे या स्वाराच्या दृष्टीने मोलाचे होते.

३५० मध्येही एक उणीव आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. त्याचा नेहमीचा फ्रीहब अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि कॅसेटच्या सुट्या पोलादी चकत्या जोर पडला की त्याच्या कडांत खाचा पाडतात. १०५ च्या पोलादी फ्रीहबवर हे होत नाही. कॅसेटच्या मोठ्या चकत्या एका पायावर जोडलेल्या असल्या तर घाटातला जोर पसरतो आणि खाचा मुख्यतः लहान चकत्यांखालीच पडतात. कॅसेटचे लॉकरिंग नेमून दिलेल्या ४० न्यूटन-मीटरला आवळले तर त्या आणखी कमी होतात. कॅसेट निघेनाशी होईपर्यंत थांबू नये. वर्षातून एकदा काढून कडा कानसने साफ कराव्यात. हा दोष सांभाळता येण्याजोगा आहे, वाटीतला खड्डा तसा नाही, या एका तुलनेवर १०५ चा मागचा हब मागे पडला. किमतीने तो ३५० च्या कित्येक पट स्वस्त आहे, हे स्वारापुढे स्पष्ट ठेवूनच.

वजनाचा हिशेब मी शेवटी मांडला, कारण आधी मांडला की तोच डोक्यात राहतो. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या हबमधला फरक दीडशे ग्रॅमच्या आसपास होता. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलोंच्या वर जातात. तासाभराच्या चढावर हा फरक पाच-सहा सेकंदांचा होतो, आणि तोही हबचे वजन चाकाच्या मध्याशी असल्याने इतर कशातही जाणवत नाही.

पुढचा हब

पुढच्या चाकात कॅसेट नाही, दोन्ही फ्लँज मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर, ताणही सारखा. मागचा हब ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा पुढचा घ्यावा, हा आग्रह केवळ दिसण्याचा आहे. स्वाराच्या जुन्या पुढच्या चाकात १०५ श्रेणीचाच ३२ भोकांचा हब होता. तो उघडून पाहिला तर ग्रीस काळे पडलेले होते, पण कोनाचे पृष्ठ आरशासारखे होते आणि वाटीत नखाला लागेल असा एकही खड्डा नव्हता. असा हब फेकून नवा घेण्याचे कारण सापडत नाही. नवे छर्रे घातले आणि तोच वापरला. वापरलेला हब पुन्हा बांधताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. आधीच्या स्पोकांनी फ्लँजवर ज्या दिशेने वळ उमटवलेले असतात, त्याच दिशेने आणि त्याच बाजूने नवे स्पोक घालावेत. दिशा बदलली तर जुन्या वळांना नवे वळ छेदतात आणि तिथून फ्लँजला चीर जाऊ शकते.

मागच्या हबसाठी ज्याने सुटे भाग पाहिले त्याने पुढे मात्र वाटी-कोन कसा स्वीकारला, असा आक्षेप येऊ शकतो. पुढचा हब उघडायला कॅसेट काढावी लागत नाही, त्यावर साखळीचा ओढा नसतो, भारही कमी असतो. समजा तो गेलाच, तर दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीचे स्पोक असलेले चाक उकलणे मागच्याइतके जिवावर येत नाही.

इथे डायनमो हबचा, म्हणजे चाक फिरताना दिव्यासाठी वीज बनवणाऱ्या हबचा, विषय निघाला. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये तीन रात्री रस्त्यावर काढाव्या लागतात, आणि ट्युबिंगेनला बनणारे सॉन किंवा तैवानचे शटर प्रिसिजन यांसारखे डायनमो हब तिथे अनेकांच्या चाकांत दिसतात. ६ व्होल्ट, ३ वॅट ही त्यांची नेमलेली क्षमता. दिवा लावला की हब स्वाराकडून पाच-सहा वॅट घेतो, कारण घेतलेल्यातला निम्म्याच्या आसपास भाग विजेत उतरतो. उतारवयाकडे झुकलेल्या आणि १२० ते १४० वॅटवर दिवसभर चालणाऱ्या स्वाराला हा वाटा अगदीच नगण्य नाही, पण रात्री बॅटरी संपण्याची धास्ती नसणे हीही सोय आहे. अडचण पुन्हा बेअरिंगची. डायनमोच्या आत चुंबक आणि गुंडाळी असते. त्याचे बेअरिंग घरी ठोकून काढायचे नसते, हब बनवणाऱ्याकडे पाठवावा लागतो. ३०० आणि ४०० किलोमीटरच्या फेऱ्यांना दोन बॅटऱ्या पुरतात. म्हणून आत्ता साधा हब, आणि पात्रता फेऱ्या पुऱ्या झाल्यास ३२ भोकांच्या तशाच रिमेवर डायनमोचे वेगळे पुढचे चाक, असे ठरले. ही गोष्ट मी पूर्णपणे त्यांच्यावर सोडली. माझे स्वतःचे मत डायनमोच्या बाजूने थोडे अधिक झुकलेले आहे.

बांधणी आणि पहिला पावसाळा

मागे ३५० हब, ३२ भोके, ३ मि.मी. सरकीची असममित रिम, तीन-छेद बांधणी (प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना छेदतो). उजवीकडे २.०-१.८-२.० जाडीचे स्पोक आणि डावीकडे मधोमध १.५ मि.मी.पर्यंत बारीक केलेले. डावीकडे बारीक स्पोक लावण्याचे कारण लोकांना उलटे वाटते, म्हणून आकडे देतो. १.५ मि.मी. स्पोकाचे क्षेत्रफळ १.८ च्या सुमारे ६९ टक्के असते, त्यामुळे तेवढ्याच ताणाला तो जवळजवळ दीडपट लांबतो. ७३ किलो ताणाला साधारण २९० मि.मी. लांबीचा बारीक स्पोक ०.६ मि.मी.च्या आसपास ताणला जातो, जाड स्पोक ०.४ च्या. खड्ड्यात रिम दबली तर जास्त ताणलेल्या स्पोकाजवळ सैल होण्यापूर्वी जास्त शिल्लक असते.

स्पोकांची लांबी काढताना रिमेचा प्रभावी व्यास स्वतः मोजून लिहून ठेवला, कारण पुढची रिम घेताना तो एक-दीड मि.मी.च्या आत जुळला तर हेच स्पोक पुन्हा वापरता येतील. रिम-ब्रेकच्या रिमा आणि हब दोन्ही बाजारातून कमी होत चालले आहेत. स्वाराने त्याच मॉडेलची एक जास्तीची रिम, रॅचेटच्या चकत्यांची एक जोडी, दोन स्प्रिंगा आणि बेअरिंगचा एक संच त्याच वेळी घेऊन ठेवला. एकूण खर्चात यामुळे पडलेली भर डोळ्यात भरण्याजोगी होती आणि त्यावर आमचा बराच खल झाला.

पावसाळा संपल्यावर दोन्ही चाके तपासायला आली. मागच्या चाकाचा आऊट काढावा लागला नाही. ताणमापकावर डावीकडचे स्पोक बांधताना नोंदवलेल्या ताणाच्या जवळपासच होते. मागची बेअरिंगे बोटाने फिरवून पाहिली, कुठेही खरखर नव्हती. फ्रीहबवर लहान चकत्यांखाली तीन बारीक खाचा दिसल्या, त्या कानसने सपाट केल्या. पुढच्या हबमधले ग्रीस मात्र पाणी मिसळून दुधासारखे पांढरे झालेले होते. कोन अजून शाबूत होते. छर्रे बदलले, नवे ग्रीस भरले. प्रेशर पंपाने सायकल धुणे बंद केल्याचे त्यांनी सांगितले होते, पण ग्रीसचा रंग पाहता ते पूर्णपणे बंद झाले असावे असे मला वाटत नाही. रिमेची ब्रेक घासणारी बाजू बरीच झिजलेली आढळली, आणि राखून ठेवलेली रिम अपेक्षेपेक्षा आधी लागेल असा अंदाज मी त्यांना दिला आहे.